गुडघा शेवटी शिकवला

६ नोव्हें. ९५
सुट्टी संपली. रामवाडीच्या फाट्यावर रोह्याची एसटी भरूनच आली, नागोठण्यापर्यंत मी उभीच. आत्या म्हणते, "बी.पी.एड. करतेस का कंडक्टरकी?" तिच्याकडे राहते म्हणून ऐकून घ्यायचं.

शरीरशास्त्राला नव्या मॅडम आल्यात. सांगाडा घेऊनच वर्गात आल्या. विचारलं, सांधा म्हणजे काय? मी म्हटलं, हाड जिथे हलतं ती जागा.
"चूक. दोन हाडं जिथे भेटतात ती जागा. मग ती हलोत न हलोत."
कवटी फिरवून दाखवली. नागमोडी रेघा, गोधडीला टाके घातल्यासारख्या. ते पण सांधे. अचल. दात जबड्यात रुतलेले असतात तो सुद्धा सांधाच. सगळा वर्ग जिभेने दात चाचपत बसला.

संध्याकाळी मैदानावर पमीला, आमच्या कबड्डी संघाच्या कर्णधाराला, सांगितलं. पमी लगेच, "म्हणजे सरांच्या डोक्यात पण सांधे हायेत? मना वाटला दगडच हाय." आमचे प्रशिक्षक भोईर सर शिट्टी तोंडात धरून मागेच उभे. आम्हा दोघींना मैदानाला जादा फेऱ्या.

१४ नोव्हें.
पडून लिहितेय.
सरावात चढाईला गेले होते. कोपऱ्याला हात लावला, परत फिरले, उजवा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. कोणी धरलंसुद्धा नव्हतं. आतून "टक" असा आवाज आला. मला ऐकू आला, पमीलाही आला म्हणते. मग उभीच राहता येईना.
पमीने पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. तिथून टेम्पोने पेणला, डॉ. पाध्यांकडे. तोवर गुडघ्याचं शहाळं झालेलं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, तर रक्तच. पाय वाकवून पोटरी धरून पुढे ओढून बघितली. दोनदा. काही बोलले नाहीत. मला फोटोला आत पाठवलं, तिथेच कंपाउंडरने प्लास्टरची पट्टी बांधली. बाहेर आले तर दवाखाना खच्चून भरलेला, डॉक्टर दुसऱ्या पेशंटला बघतायत. पमीच पुढे आली.
"काय नाय गो. मुरगळलाय. हाड शाबूत हाय. महिनाभर जप, मग खेळ."
मी तिच्या गळ्यात पडून रडले. सगळ्या लोकांत. मला वाटलं होतं संपलंच.

२१ नोव्हें.
गावी. खाडीचा वारा आणि पडवीतली खाट. आमची आणि पमीची पडवी एकच, मधे कुडाची भिंतसुद्धा नाही, त्यामुळे तिची आई दिवसातून दहा वेळा डोकावते. आज जिताडा माशाचं कालवण पाठवलं. "पोरीच्या हाडाला ताकद येल." बाबा मिठागरावरून आले, पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरा होल ना?" मी म्हटलं, मुरगळलाय फक्त.
पमी रोज येते. वेणी घालून देते. मी लहान असताना घालायची तशी, घट्ट, डोळे ताणले जातील इतकी.

६ डिसें.
कॉलेजात परत. पट्टी निघाली. काठी घेऊन एसटीत चढले, लोक जागा देतात, मजा आहे.
आज अल्पचल सांधे. थोडेसेच हलणारे. मणक्या-मणक्यांत कूर्चेची गादी असते. एकेक गादी जरा दबते, जरा वाकते, सगळ्या मिळून माणूस जमिनीला हात लावतो. ओटीपोटाखाली पुढे दोन हाडं भेटतात तिथेही तसाच सांधा, बाळंतपणात सैलावतो. मुली खिदळल्या. मॅडम शांत. "हसा. तुमची आई तिथून सैलावली नसती तर हसायला इथे नसता."

१९ डिसें.
सूज गेली. सरळ चालते. पण पायरी उतरताना क्षणभर गुडघा माझा नसतो. निसटतो आणि परत येतो. दुखत नाही. पमीला सांगितलं. तिने माझ्या मांडीला हात लावून बघितला. मग म्हणाली, मांडी बारीक झालीय, ताकद गेलीय, व्यायाम कर.
"डॉक्टरांना परत दाखवू का?"
"ते बोलले, दुखला तरच या. दुखतो का?"
"नाही."
"मंग?"

४ जाने. ९६
चल सांधे सुरू. आता खरी मजा. हे सांधे एका पिशवीत असतात, आत वंगणासारखा द्रव. मॅडम म्हणाल्या, तुम्ही खेळाडू आहात, उदाहरणं तुम्हीच द्या.
मी उभी राहिले आणि आमचा अख्खा संघ सांगितला. सविताचा खांदा दोनदा निखळलाय. तो उखळीचा सांधा, गोल डोकं आणि उथळ खळगा, सगळीकडे फिरतो म्हणून सगळ्यात आधी सुटतो. खुबाही उखळीचाच, पण खोल, म्हणून कबड्डीत कोणाचा खुबा निखळल्याचं ऐकलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी खोगीर सांधा, एकावर एक उलटी ठेवलेली खोगिरं. पमीची पकड त्या सांध्यावर. तिने घोटा धरला की सुटत नाही, जिल्ह्यात माहीत आहे.
मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, तो खिळीचा. "नाही" म्हणताना तो वापरतो. "हो" म्हणताना त्याच्या वरचा. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "माझा वरचा गंजला असेल, चाळीस वर्षांत वापरलाच नाही."
मॅडम खूश. "बिजागरी फेब्रुवारीत. बोटं, कोपर, घोटा. गुडघा सगळ्यात शेवटी. तो अवघड आहे."

११ जाने.
मैदानावर उतरले. सर म्हणाले, सरळ पळ, वळू नको एवढ्यात. मग स्वतःच पमीकडे बघून हसले. का हसले कोण जाणे.
निवड चाचणीची स्पर्धा रोह्याला, वीस-एकवीसला. मुंबईच्या कंपनीची माणसं बघायला येणार. त्यांच्या महिला संघात दोन जागा आहेत. पमीला यंदा नोकरी लागायलाच हवी. नागोठण्याचं स्थळ आहे तिला. तो माणूस मी पाहिलाय. चहाचा कप बशीत न ठेवता जमिनीवर ठेवला आणि तिच्याकडे एकदाही न बघता तिच्या वडिलांना म्हणाला, कबड्डी-बिबड्डी बंद करायला लागेल. पमी आत चुलीशी बसून ऐकत होती. मला म्हणाली, "कंपनी नायतर हा."
माझं काय. मला अजून वर्ष आहे. पण तिला लागली पाहिजे.

२० जाने.
रोहा. दोन सामने जिंकलो आणि मला पमीने चढाईला पाठवलंच नाही. कर्णधार ती. मी हात वर करते, ती दुसरीलाच पाठवते. अख्खा सामना मी मागे उभी, देवळातल्या खांबासारखी. जेवायच्या सुट्टीत तिला सोलून काढलं. म्हटलं, कंपनीच्या लोकांसमोर मी दिसायला नको म्हणून ना? तुझी जागा जाईल म्हणून?
ती वरणभात कालवत राहिली. एवढंच म्हणाली, "खा गुमान."
नको नको ते बोलले. सविता ऐकत होती.

२२ जाने.
काल लिहिता आलं नाही.
अंतिम सामना. सकाळी पमीनेच गुडघ्याला पट्टी बांधली. न बोलता. वेणीसारखीच घट्ट. मला वाटलं, आदल्या दिवशीच्या बोलण्यावरून समजूत घालतेय.
शेवटची काही मिनिटं. आम्ही दोन गुणांनी मागे. सविता बाद झालेली. पमीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं असं मला वाटतंय, पण सामन्यात इतका वेळ नसतो. म्हणाली, "जा."
गेले. डावा कोपरा, मग मधली, मग तिसरी धरायला आली तिलाही हात लागला. तिघी. मध्यरेषेकडे वळले आणि गुडघा निसटला, या वेळी परत आला नाही. हात रेषेवर टेकला. तेवढं आठवतंय. तीन गुण. एकाने जिंकलो. सगळ्या पोरी अंगावर पडल्या, नाचतायत, आणि मी खाली ओरडतेय ते त्यांना आनंदाचंच वाटतंय.
रोह्यातल्याच दवाखान्यात नेलं. पेणला डॉ. पाध्यांकडे नेऊ असं मी म्हटलं, तर पमी म्हणाली, लांब पडेल. पाय अर्धा वाकलेला अडकलाय. सरळ होत नाही, वाकत नाही. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी घालून सांगितलं, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. सर म्हणाले, "परत मुरगळ. जुनी मुरगळ वाईट."

१० फेब्रु.
पमीला कंपनीची नोकरी लागली. गावात पेढे. नागोठण्याचं स्थळ मोडलं. आज मुंबईला गेली. जाताना मिठी मारली. "तुझ्यामुळे गो." माझ्या केसांकडे बघून बोलत होती.
मी रडले. आनंदानेच.
पाय सरळ झाला एका सकाळी, आपोआप, अंथरुणातच. पण केव्हाही अडकतो. काठी परत आली.

२८ फेब्रु.
गुडघा.
मॅडमनी सांगाड्याचा पाय हातात घेतला. "याला बिजागरी म्हणतात, पण हा नुसती बिजागरी नाही. वाकलेला असताना थोडा फिरतोही. आणि बघा, कोपरात हाडाला खाच आहे. खुब्यात उखळ आहे. इथे काय आहे? सपाट हाडावर गोल हाड ठेवलंय. काही धरलेलं नाही. तरी माणूस उड्या मारतो. कोणाच्या जिवावर?"
लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी चिवट बंधनं. आत मधोमध दोन, एकमेकांना छेद देणारी. बाजूंना दोन. शिवाय कूर्चेच्या दोन गाद्या. पुढचं छेदणारं तुटलं तर नडगीचं हाड पुढे सरकतं. ते कसं बघायचं? मी म्हटलं, माझा बघा, मुरगळलेला आहे.
टेबलावर बसवलं. वाकवला. पोटरी धरून पुढे ओढली.
मॅडमचे हात थांबले. डावा पाय बघितला. परत उजवा. वर्गाला म्हणाल्या, आज एवढंच. सगळे गेल्यावर मला विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी बघितलं होतं?"
मी सांगितलं. रक्त निघालं तेही सांगितलं. टक आवाजाचंही.
"आणि तुला खेळू नको असं कोणी सांगितलं नाही?"
नाही म्हटलं.
"निर्मला, रक्त निघालं आणि त्यांनी असं ओढून बघितलं, म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलेलं असणार. जाऊन विचार."

१ मार्च
विचारलं.
डॉ. पाध्यांनी मला ओळखलं. पायाकडे बघूनच म्हणाले, "मुंबईला दाखवलंत?"
मी म्हटलं, कशासाठी?
त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या मोठ्या बहिणीला मी सगळं समजावलं होतं. लिगामेंट तुटलंय, आपोआप जुळत नाही, खेळणं बंद, मुंबईला न्या. खेळली तर आतली गादी फाटेल, हेही सांगितलं."
मला मोठी बहीण नाही.
"ती म्हणाली मी मोठी बहीण. घरी मीच सांगते, ती घाबरट आहे म्हणाली." मग चष्मा पुसत, "चूक माझीही. तुला आत बोलावून तुझ्याच तोंडावर सांगायला हवं होतं. गर्दी होती. पण ही काय सबब झाली."
माझा पाय परत तपासला. गादीही गेलीय म्हणाले.
रामवाडीला आले कशी ते आठवत नाही. आत्याला काही सांगितलं नाही. जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूक कशी लागते अशा वेळी.

२ मार्च
नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. रोज वेणी घालत होती.

३ मार्च
एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. रोह्याला पहिल्या दिवशी तिने मला चढाईला पाठवलं नाही ते मत्सराने नव्हतंच. पाय वाचवत होती. मी किती बोलले तिला. आणि दुसऱ्या दिवशी तिने बघितलं माझ्याकडे, आणि सगळं माहीत असून म्हणाली, जा.
नुसती दुष्ट असती तर बरं झालं असतं. सोपं गेलं असतं.
पट्टी बांधताना तिच्या हातांना माहीत होतं.

४ मार्च
शिमग्याला मी गावी आले. तीही आली. नवा पंजाबी ड्रेस, सगळ्यांसाठी काहीतरी आणलेलं. दुपारी म्हटलं, बांधावर चल. ती पुढे, मी मागून लंगडत. तिने थांबून हात पुढे केला. मी घेतला नाही. तेव्हाच कळलं असणार.
"पाध्यांनी तुला सांगितलं होतं."
ती वळली नाही. खाडीकडे बघत, "कोण बोलला?"
"कोण बोलला हे विचारतेस?"
मग खाली बसली बांधावरच. नव्या ड्रेससकट.
"मी सरांना सांगितला त्याच दिवशी. सर बोलले, निवड होऊ दे, मंग सांगू."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू थांबली असतीस."
"हो. थांबले असते."
"मंग संघ गेला असता. मी गेली असती गो. तू बघितलास ना तो माणूस."
"म्हणून माझा पाय?"
"मना वाटला होल बरा. किती पोरींचा होतो."
"डॉक्टर म्हणाले होते होणार नाही."
"व्हय."
तो "व्हय" मला अजून ऐकू येतोय. रडून बोलली असती, नाकारलं असतं, तर काहीतरी करता आलं असतं. मी म्हटलं, मला विचारलं असतंस पमे, मला दोन दिवस दे म्हणाली असतीस, तर मी कदाचित तशीच खेळले असते, तुझ्यासाठी. माहीत असून.
ती म्हणाली, "तेच तर. तू हो बोलली असतीस. मंग माझ्या डोक्यावर आला असता."
म्हणजे मला न विचारून स्वतःला हलकं ठेवलं तिने.
मी एकटी परत आले. बांध निसरडा होता. ती मागून येत होती, लांबून, मी पडले तर धरता येईल इतक्या अंतरावरून.

५ मार्च
आईला सांगितलं. ओरडेल वाटलं. आई उठली, चुलीच्या वैलावरचं पातेलं उतरवलं, पदर खोचला आणि पमीच्या आईच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुझ्या पोरीनं माझे पोरीचा पाय खाल्ला." एवढंच. परत आली. पमीच्या आईला काही ठाऊक नव्हतं. तिचा रडण्याचा आवाज इकडे येत होता, पडवी एकच ना.
होळीला आमच्या घरून कोणी गेलं नाही.

९ मार्च
भोईर सर. मैदानावर नवीन पोरींना घेत होते.
"पोरी, मला वाटलं पमीने तुला सांगितलंय. तू स्वतःहून तयार आहेस असंच मी धरून चाललो."
"ती म्हणते तुम्ही थांबायला सांगितलंत."
"मी? मी कशाला सांगेन?"
दोघांतला एक खोटं बोलतोय. दोघंही बोलत असतील. शिट्टी हातात फिरवत होते. मग म्हणाले, "जिंकलो ना पण. तुझं नाव आहे जिल्ह्यात आता."
मी मैदानाकडे वळले. एका नव्या पोरीचा घोटा सुजलेला दिसला. पट्टी बांधून खेळत होती. तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तू स्वतः जा डॉक्टरकडे, एकटी, आणि स्वतःच्या कानाने ऐक. सर बघत होते.

२३ मार्च
पाडवा झाला. गुढी उभारली पण पडवीच्या आमच्या बाजूला आई आणि पलीकडे पमीची आई, दोघी एकमेकींकडे पाठ करून. पंचवीस वर्षं एका पाण्याच्या हंड्यावर काढलीत. हेही माझ्याच गुडघ्यातून सुटलं असं वाटतं, आणि वाटतं की मला का वाटावं?
बाबा मिठागरावरून येऊन पायाकडेच बघतात. काल विचारलं, "ऑपरेशन होतो का याचा?" होतं म्हटलं. मुंबईत. दुर्बिणीतून.

१३ एप्रिल
शरीरशास्त्राचा पेपर. प्रश्न आला, सांध्यांचे प्रकार सांगून चल सांध्यांचे वर्गीकरण करा. उखळ, बिजागरी, खीळ, खोगीर, सरकता, सगळं लिहिलं. मनगटातल्या आणि घोट्याखालच्या लहान हाडांचा सरकता सांधा, तोही विसरले नाही. गुडघ्यावर आल्यावर हात थांबेना. आकृती काढली. पुढचं लिगामेंट काढताना ते मधे तुटलेलंच काढलं, मग खोडलं, अख्खं काढलं. परीक्षकाला काय त्याचं.
पण मैदानी प्रात्यक्षिक देता येणार नाही. धावणं, उडी, काहीच नाही. प्राचार्य म्हणाले, नियम आहे, वर्ष जाईल. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये बराच वेळ होत्या. बाहेर आल्या, "ऑक्टोबरमध्ये घेतील म्हणतात. तोवर पाय तयार हवा. ऑपरेशन आत्ता झालं तरच, आणि तरीही घाईच होईल."

१९ एप्रिल
पाध्यांनी चिठ्ठी दिली. मुंबईतल्या हॉस्पिटलची तारीख पुढच्या वर्षाची मिळते. गर्दी.

२ मे
ती आली. आईने दारात अडवलं नाही, पण पाणीही विचारलं नाही. ती उंबऱ्याबाहेरच बसली.
कंपनीच्या संघाचा डॉक्टर आहे म्हणाली. गुडघेच करतो. त्याच्याशी बोललीय. महिनाअखेरीला घेईल म्हणाला. नंतर दीड-दोन महिने रोज व्यायाम करवून घ्यायला त्याच्याकडे जावं लागेल. मुंबईत आमचं कोणी नाही.
"माझे खोलीवर ऱ्हा. मी आणि आणखी एक पोरगी हाय, ती गावी जातेय. सुट्टी काढीन मी."
मी म्हटलं, म्हणजे फिटलं असं होणार का?
"नाय."
"मग कशाला?"
"पाय नीट व्हायला पायजे म्हणून."
आई आतून ऐकत होती. भांडी जोरात आपटली.

६ मे
आत्या म्हणते, जा, पाय तुझा आहे, खोली कोणाची का असेना. बाबा म्हणतात, तू ठरव. आई म्हणते, मेलीस तरी तिच्या दारात जायचा नाय. मॅडम म्हणाल्या, माझं मत विचारू नकोस, पण ऑक्टोबर लक्षात ठेव.
रामवाडीत जिना उतरताना पाय अडकला. पायरीवर बसून राहिले, सुटेपर्यंत. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, कोणाची वाट बघतेस गं?

१० मे
गावी. ती उद्या सकाळच्या एसटीने परत जाणार. मला घेऊन किंवा एकटी.
आज मीच पडवीत तिच्या बाजूला जाऊन बसले. दोघींच्या आया आपापल्या चुलीपाशी, आवाज नाही.
विचारलं, "परत तसाच दिवस आला, तसंच सगळं, तर सांगशील मला?"
सांगीन असं ती लगेच म्हणाली असती तर मी उठून गेले असते. ती म्हणाली नाही. समोर मिठागरावर माणसं फावडी ओढत होती, त्यांच्याकडे बघत बसली. घामाने ओठावर मीठ आल्यासारखं तोंड पुसलं.
"म्हाईत नाय गो," म्हणाली.
नोव्हेंबरपासून पकडलं न जाता तिने मला सांगितलेलं हे पहिलं खरं. माझ्याकडे बघून सांगितलं, केसांकडे नाही.
मला बरं वाटलं नाही. रागही आला नाही. नुसती बसून राहिले.
आत आले तर आईने पिशवी काढून ठेवलेली. दोन साड्या, टॉवेल, पाध्यांची चिठ्ठी. भरलेली नाही, नुसती बाहेर काढलेली. "मी काय बोलत नाय," म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वळली.
पिशवी तशीच आहे. एसटी सहाची.